सोलर वॉटर हीटर : कलेक्टर सोडून बाकीच्या भागांचे काय?

कवडसा

नव्या घराच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवायचे आम्ही ठरवले आहे. माहिती काढायला लागल्यापासून जो तो मला एकच प्रश्न विचारतो, काचनळ्यांचा घेणार की तांब्याच्या पत्र्याचा? त्यापुढे कोणी फारसे बोलत नाही. माझा अनुभव मात्र असा आहे की खरा त्रास काचेच्या आणि पत्र्याच्या पलीकडे असतो. आधीच्या भाड्याच्या घरात असाच हीटर होता. गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या पाईपला हात लावला तर चटका बसत असे, आणि खाली न्हाणीघरात अर्धी बादली गार पाणी वाहून गेल्यावर कुठे कोमट पाणी येई. काही दिवस तर तेही येत नसे. दोष कुठे होता ते घर सोडेपर्यंत कळले नाही.

म्हणून विनंती अशी की या यंत्रणेत कोणकोणते भाग असतात, प्रत्येकाचे काम काय, आणि बसवताना कुठे लक्ष ठेवावे, हे अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे.

मापाडी

सुरुवात कलेक्टरपासूनच, म्हणजे ऊन पकडून पाणी तापवणाऱ्या भागापासूनच करतो, कारण तो समजल्याशिवाय बाकीचे भाग असे का असतात ते कळणार नाही.

पत्र्याच्या कलेक्टरमध्ये वर आणि खाली एकेक जाड आडवी नळी असते, तिला हेडर म्हणतात. त्यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या इंचाच्या अनेक उभ्या नळ्या असतात, त्या रायझर. रायझरना तांब्याचा पातळ पत्रा जोडलेला असतो. त्यावरचा काळा लेप हा साधा रंग नसतो. तो ऊन नव्वद टक्क्यांहून अधिक शोषतो आणि तापल्यावर स्वतः उष्णता फार कमी बाहेर टाकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पत्र्याच्या मागे आणि बाजूंना रॉकवूल किंवा तत्सम उष्णतारोधक, वर टफन केलेली काच, आणि काच व चौकट यांच्या सांध्यात रबराचे गॅस्केट असते. काच कमी लोह असलेली असावी. कडेने पाहिल्यावर ती गडद हिरवी दिसत असेल तर तिच्यात लोह जास्त आहे आणि तेवढे ऊन ती स्वतःच गिळते.

गॅस्केट फाटले की आत ओल शिरते, काच आतून धुरकट होते आणि ओले रॉकवूल उष्णता अडवण्याऐवजी वाहून नेऊ लागते. एवढ्याशा रबरापायी आख्खा कलेक्टर निकामी झालेला मी पाहिला आहे.

गच्चीकर

मी काचनळ्यांच्या बाजूने लिहितो, गेली अनेक वर्षे त्याच वापरतो आहे. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या बोरोसिलिकेट काचेच्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते. लेप आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगाला असतो. मध्ये निर्वात पोकळी असल्यामुळे बाहेर कितीही गार वारा असला तरी आतली उष्णता सहसा निसटत नाही. थंड, वाऱ्याच्या किंवा अर्धवट ढगाळ दिवसांत हा फरक चांगलाच जाणवतो.

नळीच्या बंद टोकाशी आरशासारखा चंदेरी भाग दिसतो, तो बेरियमचा असतो. पोकळीत उरलेसुरले वायू तो शोषून घेतो. तो दुधासारखा पांढरा पडला की त्या नळीत हवा शिरली आहे असे निश्चित समजावे. महिन्यातून एकदा सगळी टोके नजरेखालून घालायला दोन मिनिटे पुरतात.

तांब्याची तार

गच्चीकरांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु एक बाजू राहिली. काचनळ्या ज्या टाकीत खोचलेल्या असतात तिथे प्रत्येक नळीला सिलिकॉनची एक रिंग असते. २० नळ्या म्हणजे २० रिंगा, म्हणजेच गळतीच्या २० शक्यता. पत्र्याच्या कलेक्टरमध्ये सांधे झाळलेले असतात आणि हिशेबात धरावे असे बाहेरचे जोड दोनचारच. शिवाय एक काचनळी फुटली तर टाकीतले पाणी त्या भोकातून निघून जाते आणि नळी बदलेपर्यंत यंत्रणा बंद राहते.

गच्चीकर

रिंगांचा मुद्दा मान्य. पण जड पाण्याचे काय? पाणी तापले की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते पांढऱ्या थराच्या रूपाने चिकटते. अर्ध्या इंचाच्या रायझरमध्ये हा थर बसत गेला की वाटच बंद होते. काचनळी रुंद असते, क्षार तिच्या तळाशी साचतात आणि नळी उपसून ते धुता येतात.

तांब्याची तार

तेही खरे आहे. मात्र पाणी जड असेल तर मी दोन्ही प्रकारांत उष्णता-विनिमयाची टाकी सुचवेन. तिच्यात कलेक्टरमधून फिरणारे पाणी वेगळे, बंद चक्रातले असते, आणि वापरायचे पाणी त्याच्यात न मिसळता त्याच्या उष्णतेने टाकीतच तापते. बंद चक्रात नवे पाणी येत नाही, म्हणून नवे क्षारही येत नाहीत. जिथे पाणी गोठते तिथे हीच रचना लागते, कारण बंद चक्रात प्रोपिलीन ग्लायकॉल घालता येते. पत्र्याचा कलेक्टर निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता टाकत राहतो, त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही आतले पाणी गोठून रायझर फुटू शकतात.

निळी छत्री

मला वाटते आपण धागाकर्त्यांच्या प्रश्नापासून दूर चाललो आहोत. कलेक्टरबद्दल सगळे बोलतात हीच तर त्यांची तक्रार होती. टाकीबद्दल कोणी लिहील का?

मापाडी

निळी छत्री, रास्त सूचना. टाकीचे महत्त्व सांगायला इतिहासातली एक गोष्ट पुरेशी आहे. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ साली सौर हीटरचे पेटंट घेतले. त्यात काचेच्या पेटीत पाण्याच्या टाक्याच उन्हात ठेवलेल्या असत. संध्याकाळी पाणी छान तापलेले असे आणि सकाळपर्यंत निवलेले असे. १९०९ साली विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारा भाग वेगळे केले, टाकी उष्णतारोधकात गुंडाळली आणि पहाटेही गरम पाणी मिळू लागले. आज आपण जे बसवतो ते मूलतः त्याच रचनेचे आहे. ऊन पकडणे तेव्हाही जमत होते, अडचण ते रात्रभर राखण्याची होती.

आजच्या टाकीला बहुधा पॉलियुरेथेन फोमचे, म्हणजे पफचे, सुमारे ५० मिलिमीटरचे आवरण असते. आतली टाकी स्टेनलेस स्टीलची किंवा आतून काचमुलामा दिलेल्या पोलादाची असते. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ३०४ प्रतीच्या स्टीलला बारीक छिद्रे पडतात, विशेषतः वेल्डिंगच्या रेषेवर. ३१६एल प्रतीत मॉलिब्डेनम असल्यामुळे ते अधिक तग धरते. मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतोच. टाकीच्या पोलादाऐवजी तो स्वतः झिजतो. तो बदलावा लागतो हे अनेक घरांत कोणी सांगितलेलेच नसते. रॉड संपला की झीज मुलाम्याला गेलेल्या तड्यांमधून टाकीवर सुरू होते. वर्षातून एकदा तो काढून पाहावा, आतली तार उघडी पडू लागली असेल तर बदलावा.

जुनी पक्कड

माझे आयुष्य नळजोडणीत गेले, म्हणून नळांच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट. टाकीतले गरम पाणी आपण होऊन नळाला येत नाही. गरम पाण्याची वाट टाकीच्या वरच्या अंगाला असते आणि थंड पाणी तळाशी शिरते. तुम्ही खाली तोटी उघडली की वरच्या साठवण टाकीतले थंड पाणी सौर टाकीच्या तळाशी येते आणि गरम पाण्याला वरून बाहेर ढकलते. म्हणून साठवण टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्याहून उंच हवा. साठवण टाकी रिकामी झाली तर सौर टाकीत पाणी असूनही ते नळाला मिळत नाही. लोक यालाच हीटर बिघडला असे म्हणतात.

दुसरी गोष्ट. कलेक्टर आणि टाकी यांच्यात पंप नसतो. पाणी तापले की हलके होते आणि चढते. २० अंशांचे १ लिटर पाणी सुमारे ९९८ ग्रॅम भरते, ६० अंशांचे ९८३ ग्रॅम. या दीड टक्क्याच्या फरकावर सगळा प्रवाह चालतो. बळ एवढे कमी असल्यामुळे कलेक्टरपासून टाकीकडे जाणारा पाईप सतत चढताच हवा. मध्ये कुठे तो खाली झुकून पुन्हा चढला तर त्या कमानीत हवा अडकते आणि प्रवाह थांबतो. पत्र्याच्या कलेक्टरमध्ये टाकीचा तळ कलेक्टरच्या माथ्यापेक्षा साधारण ३० सेंटिमीटर वर ठेवतात, म्हणजे रात्री पाणी उलटे फिरून कलेक्टरमध्ये निवत नाही.

तिसरी गोष्ट व्हेंट पाईपची, पण ती स्वतंत्रपणे लिहीन. जेवणाची वेळ झाली.

साधा प्रश्न

व्हेंट म्हणजे टाकीवरून आकाशाकडे गेलेला तो उघडा पाईप का? आमच्याकडे त्यात पालापाचोळा जाऊ नये म्हणून वडिलांनी त्याला लाकडाचे बूच ठोकले आहे.

जुनी पक्कड

साधा प्रश्न, कृपया ते बूच आजच काढा. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण विलंब करू नका.

पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, तिला वाट हवी. पाणी तापून वाढते त्यालाही वाट हवी. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की सुमारे ३ लिटरने वाढते. थंड पाण्याच्या नळीवर एनआरव्ही असेल, म्हणजे पाण्याला मागे जाऊ न देणारी झडप असेल, आणि व्हेंटही बंद असेल, तर त्या ३ लिटरला जायला जागाच नाही. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. टाकी रिकामी करताना व्हेंटमधून हवा आत आली नाही तर आत निर्वात होतो आणि पातळ पत्र्याची टाकी चेपते.

व्हेंटवर कोणतीही झडप बसवू नये. त्याचे तोंड साठवण टाकीतल्या कमाल पातळीच्या वर असावे, आणि नेमके त्या पातळीइतके ठेवून चालत नाही. व्हेंटमधले पाणी गरम, म्हणून हलके, म्हणून ते किंचित उंच चढते. ३ मीटरचा स्तंभ असेल तर सुमारे साडेचार सेंटिमीटर. हातभर उंची जास्त ठेवावी. पाचोळ्यासाठी तोंड खाली वळवून जाळी लावावी, बूच नको.

साधा प्रश्न

काढले. काढताना फुस्स असा आवाज आला. मनापासून आभार.

सावली

माझा प्रश्न विजेच्या कॉइलबद्दल आहे. टाकीतच कॉइल असलेली चांगली की न्हाणीघरात वेगळा छोटा गीझर?

मापाडी

१०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ४.६५ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला सुमारे २ तास २० मिनिटे. कॉइल थर्मोस्टॅटवर कायम सुरू ठेवली तर ती रात्रीच पाणी तापवून ठेवते, आणि सकाळी ऊन आले तेव्हा तापवायला काही उरत नाही. मग हीटर नावापुरता सौर राहतो. टाकीत कॉइल असेल तर ती ढगाळ दिवसाच्या संध्याकाळी, गरजेपुरती सुरू करावी. माझे मत वेगळ्या छोट्या गीझरच्या बाजूने आहे. सौर टाकीतले पाणी त्यात शिरते, पुरेसे गरम असेल तर थर्मोस्टॅट वीज घेऊच देत नाही. गीझर गरम पाणी आत घेण्यासाठी योग्य आहे ना, हे आधी तपासावे.

सावली

आणि पाणी किती गरम असावे? घरात लहान मूल आहे.

मापाडी

इथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात, म्हणून साठवलेले पाणी ६० अंशांपर्यंत गेलेले बरे. पण ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, लहान मुलांना त्याहून लवकर. यावरचा उपाय थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. तो थंड आणि गरम पाणी आपोआप ठरलेल्या तापमानाला मिसळतो. तुमच्या घरी तो भाग ऐच्छिक समजू नका.

कवडसा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधीच्या घरातल्या गोष्टी आता एकेक आठवत आहेत. तिथे थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप होता, गरम पाणी मात्र टाकीतून उताराने येत असे. दुसरे, व्हेंटमधून गच्चीवर पाणी ठिबकत असे आणि ते ठिबकणे खालचा पंप सुरू झाला की वाढत असे. याचा गार पाण्याशी काही संबंध असेल का?

तांब्याची तार

अर्ध्या बादलीचा हिशेब सोपा आहे. पाऊण इंची पाईपमध्ये दर मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावते. टाकीपासून तोटीपर्यंत २० मीटर पाईप असेल तर ६ लिटर पाणी रात्रभर त्यात निवत राहते आणि सकाळी ते आधी बाहेर पडते. पाईपवर रोधक आवरण असेल तर थोड्या अंतराने पुन्हा तोटी उघडल्यावर फायदा होतो, पण रात्रभराने ते पाणी निवणारच. खरा उपाय म्हणजे टाकी न्हाणीघराच्या वर शक्य तितकी जवळ ठेवणे आणि एका न्हाणीघरापुरती शाखा अर्ध्या इंचाची घेणे.

मात्र व्हेंटच्या ठिबकण्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

जुनी पक्कड

माझ्याकडे आहे, आणि कवडसा यांनी नेमके तेच लिहिले जे मी विचारणार होतो.

मिक्सर नळात थंड आणि गरम पाणी आतल्या आत एकत्र येते. त्याच्या पुढे बटणाचा हँड शॉवर असेल, आणि मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून नुसते बटण बंद केले असेल, तर बाहेरची वाट बंद आणि आतली वाट उघडी राहते. थंड बाजूला पंपाचा जोर, गरम बाजूला फक्त टाकीच्या उंचीचा. मग थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरते, उलटे चढत सौर टाकीच्या वरच्या भागात जाते, आणि तितकेच पाणी व्हेंटमधून गच्चीवर पडते. थंड नळीवर एनआरव्ही नसेल तर गरम पाणी साठवण टाकीत परत जाते. काचनळ्या बिचाऱ्या दिवसभर तापवत राहतात आणि एक बटण ते सगळे घालवते.

तपासणी सोपी आहे. सौर टाकीला थंड पाणी नेणारी झडप बंद करा आणि एका न्हाणीघरातली फक्त गरम तोटी उघडा. ढकलणारे पाणी बंद झाल्यामुळे धार लवकरच थांबली पाहिजे. ती थांबलीच नाही तर ते पाणी टाकीतून येत नाही, कुठल्यातरी मिक्सरमधून थंड बाजूने येत आहे. मग एकेक मिक्सर बंद करत गेले की दोषी सापडतो.

कवडसा

तिथल्या न्हाणीघरात बटणाचा हँड शॉवर होता आणि मिक्सर आम्ही नेहमी उघडाच ठेवत असू, कारण पाणी हवे तसे जमवलेले असे. आमचाच हात त्यात होता हे आता कळते. नव्या घरासाठी यावर कायमचा उपाय कोणता?

जुनी पक्कड

सगळ्यात चांगले म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा दाब. थंड लाइनही वरच्या साठवण टाकीतून उताराने घ्या, किंवा पंप हवाच असेल तर गरम लाइनवर टाकीच्या पुढे गरम पाण्याला चालणारा दुसरा पंप बसवा. सौर टाकीच्या आधी पंप लावून उघड्या व्हेंटच्या साध्या टाकीत दाब देऊ नका, ती त्यासाठी बनवलेली नसते. दाबाची टाकी वेगळी मिळते, तिच्यावर दाब-मुक्ती झडप आणि प्रसरणाची छोटी टाकी हवीच. गरम लाइनवर पंप लावल्यास सौर टाकीला थंड पाणी देणारा पाईपही तितकाच मोठा घ्या, नाहीतर पंप व्हेंटमधून हवा ओढेल. शिवाय गरम लाइनवर कमी दाबात उघडणारा स्विंग प्रकारचा एनआरव्ही लावा, पण तो व्हेंटच्या पुढे, न्हाणीघराच्या बाजूला असावा.

निळी छत्री

पाईप कोणता घ्यावा, हेही सांगावे. आम्हाला सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप, चालेल असे सांगितले होते.

तांब्याची तार

न्हाणीघराच्या लाइनला चालते. कलेक्टर आणि टाकी यांच्यामध्ये मात्र धातूच हवा, कारण पाणी वापरले गेले नाही किंवा कलेक्टर रिकामा राहिला तर तिथले तापमान सीपीव्हीसीच्या मर्यादेपलीकडे जाते. तांबे आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड थेट जोडू नका, लोखंड झिजते. मध्ये विद्युतरोधक युनियन, म्हणजे पाईप न कापता उघडता येणारा जोड, वापरा.

कवडसा

आराखड्यात सर्व बदल केले. टाकी न्हाणीघराच्या वर आणली आणि स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगवर न ठेवता तुळयांवर घेतले, कारण नुसते पाणीच २०० किलो, शिवाय नळ्यांतले वेगळे. आता एवढेच विचारतो, पहिल्यांदा पाणी भरताना काही काळजी घ्यायची असते का?

गच्चीकर

काचनळ्या घेतल्या असतील तर होय. उन्हात रिकाम्या ठेवलेल्या नळ्या आतून २०० अंशांच्या वर जातात आणि त्यात गार पाणी सोडले की तडकतात. सूर्योदयापूर्वी भरा. ते जमले नाही तर नळ्या झाकून ठेवा आणि सूर्य मावळून त्या निवल्यावरच पाणी सोडा.

जुनी पक्कड

भरताना खालची एक गरम तोटी उघडी ठेवा. आधी हवा येईल, मग थुंकत थुंकत पाणी, मग सलग धार. सलग धार लागली की तोटी बंद करा आणि गच्चीवर जाऊन व्हेंटमधून पाणी सांडत नाही ना ते पाहा. सर्वांत खालच्या बिंदूवर गाळ काढायची झडप आणि कलेक्टरच्या दोन्ही बाजूंना युनियन ठेवायला विसरू नका, नाहीतर पुढे एक जोड उघडण्यासाठी पाईप कापावा लागतो. पाईपांवर आवरण चढवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि प्रत्येक झडपेवर रंगाने नाव लिहा.

कवडसा

रंग आजच आणतो. काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल, व्हेंटची उंची मी स्वतः मोजेन.